निवेदनात 'फाशी' लिहू की नको?

सातपुडा_शिक्षिका (चोपडा तालुका)

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या भागात एका लहान मुलीबाबत जे घडलं ते बातम्यांत आलं आहे. तिचं नाव-गाव इथे लिहीत नाही, कोणी विचारूही नका. ती माझ्या शाळेतली नव्हती, पण तिची चुलत बहीण माझ्या वर्गात आहे. त्या दिवसापासून ही पोर दप्तर मांडीवर घेऊन बसते, खाली ठेवत नाही. मधल्या सुट्टीतही नाही.

संशयित पकडला गेलाय. एका मळ्यातला सालदार आहे, बाहेरगावचा. सोमवारी तहसीलवर मोर्चा आहे, बाजारपेठ बंद राहणार. गावातले अर्ज मीच लिहून देते, म्हणून निवेदनही माझ्याकडे आलं. सरपंचांनी मुद्दे सांगितले. आरोपीला फाशी द्या, खटला फास्ट ट्रॅकवर चालवा, आपल्या जळगावच्या उज्ज्वल निकम साहेबांना विशेष सरकारी वकील नेमा. मागून कोणीतरी ओरडलं, "खटला कसाले? आमना ताबामा द्या!" आणि ओट्यावरच्या बहुतेकांनी माना डोलावल्या.

दुसरी आणि तिसरी मागणी लिहून झाली. पहिलीवर पेन अडलंय.

त्या माणसाबद्दल मला कळवळा नाही, हे आधीच सांगते. त्यानेच केलं असेल तर माझ्याकडे त्याच्यासाठी एक शब्द नाही. पण मी नागरिकशास्त्र शिकवते. कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीशिवाय कोणाचा जीव घेता येत नाही, हे कलम २१ मी मुलांना समजावते. मागच्या वर्षी एका मुलाने विचारलं होतं, "मॅडम, मग पद्धतीने घेतला तर चालतं का?" चालतं, असं आपल्या कायद्याचं उत्तर आहे. मला ते तेव्हाही देववलं नव्हतं.

तेव्हा विचारते. लोकशाही देशाने, म्हणजे तुमच्या-माझ्या नावाने सरकारने, माणूस मारावा का? पुस्तकातलं नको. कोर्ट-कचेरी जवळून पाहिलेल्यांनी लिहा. सोमवारच्या आत.

---

केळीबाग_यावल

ताई, लिहा फाशी. दोनदा लिहा.

लोकशाही म्हणजे लोकांचं राज्य ना? मग आख्खा तालुका एकमुखाने सांगतोय, त्याला काही किंमत आहे की नाही? करपा लागलेलं पान आम्ही कापून बागेबाहेर नेतो, त्याची दया करत बसलो तर बाग जाते. निर्भयाचा गुन्हा डिसेंबर २०१२ चा आणि फाशी झाली २० मार्च २०२० ला. सात वर्षं तिची आई कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली. त्या आईला कोणी विचारलं का की बाई, मानवी हक्कांबद्दल तुझं काय मत आहे?

आणि जन्मठेप जन्मठेप काय करता? चौदा वर्षांनी सुटतो आणि त्याच गावात टपरीवर चहा पीत बसतो. मेलेल्या पोरीच्या बापाने त्याच्यासमोरून रोज शेतात जायचं. हे तुमच्या लोकशाहीत बसतं का? मला दोन मुली आहेत. मी यापेक्षा वेगळं लिहू शकत नाही.

---

पांझराकाठचे_नाना (धुळे)

ताई, मी सत्र न्यायालयात लघुलेखक होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. साहेब सांगायचे, मी घ्यायचो आणि टाईप करायचो. फाशीचा निकालही माझ्या हाताखालून गेलेला आहे. जिल्हा सांगत नाही, खटलाही सांगत नाही.

यावलच्या भाऊंचा राग मला समजतो. ते मुलींच्या बापाच्या जागेवरून बोलताहेत आणि ती जागा खोटी नाही. पण त्यांच्या बागेत करपा कुठल्या पानाला लागलाय हे डोळ्याला दिसतं. कोर्टात ते दिसत नाही. कोर्टात कागद दिसतात. एकोणतीस-तीस वर्षं नुसते कागदच हाताळले म्हणून सांगतो, कागद कोण तयार करतं आणि कसा तयार करतं यावर माणसाचा जीव ठरतो.

आधी आपल्या जिल्ह्याचं बोलू. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे. मोबाईलवर पोरं पळवणारी टोळी फिरते म्हणून मेसेज फिरत होते. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. जीव जाईपर्यंत मारलं. मारणाऱ्यांची खात्री पटलेली होती. ताई, तुमच्या ओट्यावर जो ओरडला ना, 'आमना ताबामा द्या', त्याचीही खात्रीच पटलेली आहे.

तुम्ही म्हणाल, तो जमाव होता, कोर्टाचं वेगळं असतं. वेगळं असतं, मान्य. म्हणून दुसरी हकिकत सांगतो, तीही आपल्या शेजारची.

जून २००३. नाशिकजवळ पेरूच्या बागेत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. खून, बलात्कार, ऐकवत नाही असं सगळं. सहा जण पकडले. तेही भटक्या समाजाचे, मजुरी करणारे. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००९ साली तिथे सहाच्या सहा जणांना फाशी सुनावली गेली. म्हणजे उच्च न्यायालयाने ज्या तिघांचा जीव वाचवला होता, त्यांचाही दोर पुन्हा बांधला गेला. यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेसुद्धा खूप उशिरा मान्य झालं.

आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. शिक्षा कमी केली नाही, निर्दोष सोडलं. त्या घरातली जी बाई वाचली होती, तिने घटनेनंतर एक-दोन दिवसांतच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळेच इसम ओळखून दाखवले होते. तसा तिचा जबाबही झालेला होता. तो कागद दाबून ठेवला गेला आणि त्या चौघांचा तपासच झाला नाही. न्यायालयाने सहा जणांना प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सांगितले आणि तपास करणाऱ्यांवर कारवाई करा म्हणून सांगितलं. सोळा वर्षं गेली होती.

२००९ मध्येच दोर ओढला असता तर २०१९ चा निकाल कोणाला वाचून दाखवला असता? आणि त्या बाईने बोट दाखवलेले चौघे? त्या घराला न्याय मिळाला का? एकालाही नाही मिळाला, ना त्या घराला, ना त्या सहा जणांना.

आता मी जे डोळ्यांनी पाहिलं ते. आरोपी पावरा या आदिवासी समाजाचा, सातपुड्याच्या वरच्या पाड्यातला. दोषी ठरवल्यावर शिक्षेबद्दल आरोपीचं म्हणणं ऐकावंच लागतं, तो कायदा आहे. साहेबांनी विचारलं, शिक्षेबाबत काही सांगायचं आहे का? त्याला मराठी धड येत नव्हतं. दुभाषी हजर नव्हता. आमचा एक पट्टेवाला शिरपूरकडचा, त्याला पावरी कळायची, त्याला उभं केलं. आरोपी बोलायला लागला. बराच वेळ बोलला. मध्ये थांबला, हाताने काहीतरी उंची दाखवली, लहान मूल दाखवतात तशी, पुन्हा बोलला. पट्टेवाल्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं, "गरीब आहे म्हणतो साहेब, दया करा." मी तेवढं घेतलं. रेकॉर्डवर तेवढंच आहे. विधी सेवेकडून दिलेल्या वकिलाने तीन-चार वाक्यं सांगितली. दुपारनंतर शिक्षा झाली.

फाशीची शिक्षा सत्र न्यायालयाने दिली तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आपल्या खानदेशातल्या तिन्ही जिल्ह्यांची फाईल औरंगाबाद खंडपीठाकडे जाते. त्याची गेली आणि तिथे जन्मठेप झाली. तो काय बोलला होता ते मला आजही माहीत नाही. खंडपीठाच्या न्यायमूर्तींना तरी कसं कळणार?

१९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच द्या आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचीही परिस्थिती बघा. परिस्थिती बघायची म्हणजे ती आधी कागदावर यायला हवी. ज्याच्याकडे चांगला वकील आहे त्याची येते. सालदाराची कोण आणणार? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने फाशीच्या कैद्यांना तुरुंगात भेटून २०१६ साली अहवाल काढला. त्यातले जवळजवळ पाऊण हिस्सा आर्थिकदृष्ट्या कमकुवत घरातले निघाले. मला त्याचं नवल वाटलं नाही.

आणि ही कसोटी तरी सगळ्यांना सारखी लागते का? २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की १९९६ चा आपला एक निकाल बच्चनसिंगच्या कसोटीला सोडून होता आणि पुढे काही जणांना त्याच निकालाच्या आधारावर फाशी सुनावली गेली. त्या १९९६ च्या निकालातला राजस्थानचा माणूस त्याच वर्षी फासावर गेलेला होता. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली की चुकीच्या आधारावर फाशी सुनावलेल्या बाकीच्यांची शिक्षा तरी बदला. हे लिहिणारे न्यायमूर्ती होते, कोणी चळवळीतली माणसं नव्हती.

आमच्या धुळ्याजवळ लळिंगला लांडोर बंगला आहे. बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा तिथे उतरले होते, दरवर्षी ३१ जुलैला तिथे गर्दी लोटते. मीही जातो. जून १९४९ मध्ये संविधान सभेत फाशीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाचा हक्क द्यावा का यावर चर्चा चालू होती, तेव्हा बाबासाहेबांनी सांगितलं की त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करावी हे मला जास्त पटतं. दलितांवरचे अत्याचार त्यांच्याइतके जवळून कोणी पाहिले असतील? तरी ते असं बोलले.

माझं मत विचारलंत, म्हणून सांगतो. सरकारने मारू नये. गुन्हेगार चांगला असतो म्हणून नाही. मारण्याइतकं खात्रीचं काम आपली यंत्रणा करत नाही, आणि जिथे ती चुकते तिथे बहुतेक वेळा मागे कोणी नसलेलाच माणूस सापडतो, म्हणून. तुमच्याकडे पकडलेला सालदारही बाहेरगावचा आहे म्हणालात. त्यानेच केलं असेलही. पण ते सोमवारी तहसीलच्या पायरीवर ठरू देऊ नका.

---

जळगाव_कोर्टातून

मी वकिली करते. नाना सविस्तर बोललेत, मी फक्त यावलच्या भाऊंच्या एका मुद्द्यापुरती.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हे खरं नाही. कायद्याने जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. खुनासारख्या गुन्ह्यात, ज्याला फाशीही होऊ शकते, चौदा वर्षं हा किमान काळ आहे. त्याआधी सरकारला सोडताच येत नाही, त्यानंतरही सोडलंच पाहिजे असं नाही. शिवाय २००८ पासून सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढलाय. वीस, पंचवीस, तीस वर्षं किंवा आयुष्यभर सूट नाही, असं निकालातच लिहायचं. हा अधिकार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाला आहे. खैरलांजी हत्याकांडात सत्र न्यायालयाने सहा जणांना दिलेली फाशी नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये पंचवीस वर्षांच्या कैदेत बदलली. मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्कारातल्या तिघांची फाशी २०२१ मध्ये बदलली, पण त्यांना पॅरोलही द्यायचा नाही असं न्यायालयाने सांगितलं. तेव्हा 'फाशी नाही तर मोकळा' अशी भीती लोकांना घालू नका.

महाराष्ट्रात फाशीची सोय फक्त येरवडा आणि नागपूरला आहे. शेवटची नागपूरला, जुलै २०१५ मध्ये. देशभरात २००४ पासून आठ जणांना फाशी झाली. आणि त्याच काळात खालच्या कोर्टांनी सुनावलेल्या फाशींचा आकडा हजाराच्या वर आहे. म्हणजे पीडित कुटुंबाला निकालाच्या दिवशी जे सांगितलं जातं ते बहुतेक वेळा घडत नाही, आणि ते कुटुंब दहा-दहा वर्षं पुढच्या तारखेकडे डोळे लावून बसतं. याचा राग मला जास्त येतो.

---

सातपुडा_शिक्षिका

नाना, वकीलताई, मनापासून आभार. नाना, तो पावरा माणूस डोळ्यांपुढून जात नाहीये. माझ्या वर्गात पावरी बोलणारी मुलं आहेत. पहिल्या दिवशी ती बोलतात ते मला कळत नाही आणि मी दुसऱ्या मुलाला विचारते, काय म्हणतोय रे हा?

आणखी एक गोष्ट मनात आहे, ती शिक्षिका म्हणून. २०१८ पासून बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्कारालाही फाशी आहे. पण मुली मला येऊन जे सांगतात त्यात अनोळखी माणूस क्वचित असतो. काका असतो, आत्याचा नवरा असतो, शेजारचा दादा असतो. अशा वेळी आई आधीच म्हणते, मॅडम, घरातली गोष्ट घरात राहू द्या. त्यात फाशीची शिक्षा म्हटल्यावर सगळं घर त्या मुलीचं तोंड दाबणार. आणि ज्याने केलं त्याला हेही कळतं की जिवंत ठेवली तरी फाशी, मारली तरी फाशी. मोर्चात हे बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते.

---

एरंडोलची_बहीण

ताई, मी बाहेरून वाचत होते, पण आता लिहिते.

माझ्या भावाचा खून झाला. बांधाचा वाद होता. नाना, तुम्ही वयाने मोठे आहात, तुमचं सगळं वाचलं, पण मला तुमचं पटत नाही. ज्याने माझ्या भावाला मारलं त्याला फाशी व्हायला हवी होती, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. तो जिवंत आहे, त्याच्या पोराचं लग्न झालं, वाजतगाजत झालं. माझी आई त्या दिवशी जेवली नाही. हे दुःख ज्याचं त्यालाच कळतं. त्यामुळे 'सरकारने मारू नये' हे मला सांगू नका.

पण मोर्च्याबद्दल मला सांगायचं आहे. आमच्यासाठीही मोर्चा निघाला होता. फाशी द्या, फाशी द्या. ज्या शेजाऱ्याने डोळ्यांनी पाहिलं, तो माझ्या पुढेच चालत होता, मूठ वर करून. वर्षं गेली, खटला उभा राहिला, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तोच म्हणाला, अंधार होता, मी काही पाहिलं नाही. पंचांनी सांगितलं की आमच्या सह्या पोलीस ठाण्यात कोऱ्या कागदावर घेतल्या. कुऱ्हाडीचा अहवाल यायला किती उशीर झाला हे सांगत नाही. सरकारी वकील मध्येच बदलले, नवीन आले त्यांनी मला विचारलं, तुम्ही कोण? कोर्टाच्या आवारात एकच चहाची टपरी. आम्ही एका बाकावर आणि त्याची माणसं दुसऱ्या बाकावर, आमच्याकडे बघत. तो निर्दोष सुटला.

फाशीची मागणी आम्ही केली होती, मिळालं काय? साधी शिक्षाही नाही. त्या शेजाऱ्यावर मी चिडले होते, पण त्याच्या घरी रात्री कोण जाऊन आलं होतं ते गावाला माहीत आहे. त्याच्यामागे तेव्हा कोणी उभं राहिलं नाही. हजार लोक होते ना मोर्चात?

तेव्हा ताई, फाशी लिहा नाहीतर नका लिहू. पण साक्षीला कोण येणार ते आजच विचारा. सोमवारनंतर कोणी विचारत नाही.

---

केळीबाग_यावल

बहीण, तुमचं वाचून हात जोडले. मी फाशीच्या मतावरून हललेलो नाही. पण साक्षीचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के. आमच्याकडेही हेच झालंय.

---

सातपुडा_शिक्षिका

आज संध्याकाळी सरपंचांकडे जाऊन आले. 'फाशी' काढायला ते तयार नाहीत. मी सांगितलं, दोषी ठरणाऱ्याला कायद्यातली कठोरात कठोर शिक्षा व्हावी असं मी माझ्या हाताने लिहीन. फाशी लिहायची असेल तर कागद दुसऱ्याकडून लिहून घ्या. बराच वाद झाला. शेवटी त्यांच्या वडिलांनी, आमचे जुने पोलीस पाटील आहेत, मध्ये पडून सांगितलं की बाई म्हणते तसं लिहू द्या. 'आरोपी' ऐवजी 'दोषी ठरणारा' हा शब्दही राहिला.

बाकी मागण्या आता अशा आहेत. घटनास्थळाचा आणि जप्तीचा पूर्ण व्हिडिओ झाला आहे का ते सांगा. प्रयोगशाळेचा अहवाल वेळेत मागवा. कुटुंबाच्या बाजूने सरकारी वकिलाला मदत करायला वकील द्या. आरोपीलाही पहिल्या दिवसापासून वकील आणि त्याची भाषा कळणारा दुभाषी द्या. शेवटची मागणी ऐकून लोक गप्प झाले. मी राईनपाड्याचं सांगितलं आणि नाशिकचंही. दोघं-तिघं उठून गेले. कागद मात्र तसाच राहिला.

आणि साक्षीचं. त्या दिवशी संध्याकाळी मुलीला शेवटचं पाहणाऱ्या किराणा दुकानातल्या बाई आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसले. पोलिसांना त्यांनी फार थोडं सांगितलंय, सगळं सांगायची तयारी आहे, पण दुकान एकट्या चालवतात आणि घाबरल्या आहेत. वकीलताई, संरक्षणासाठी अर्ज कुठे करायचा? कोणाच्या नावाने?

---

जळगाव_कोर्टातून

साक्षीदार संरक्षण योजना २०१८ ची आहे, सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू केली. अर्ज जिल्ह्याच्या समितीकडे जातो. तिचे अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात आणि सरकारी अभियोग विभागाचे प्रमुख सदस्य सचिव असतात, अर्ज त्यांच्यामार्फत द्या. त्यानंतर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून धोक्याचा अहवाल मागवतात. बाईंचं नाव गुप्त ठेवायची मागणी अर्जातच घाला, आणि निवेदनात किंवा मोर्चात त्यांचा उल्लेख अजिबात नको.

खर्च लागत नाही. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलेला मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. बाईंना मंगळवारी अकराला जळगावला घेऊन या, मी कोर्टातच असते. येताना त्यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स आणा, आणि शक्य असेल तर त्यांच्यासोबत गावातला एक माणूस आणखी.